पथ्य नसलेला आजार

"पथ्य काय?"

निदानाच्या दिवशी माझ्या आईनं डॉक्टरांना एवढा एकच प्रश्न विचारला, पण तो पुन्हा पुन्हा विचारला. माझी बायको अर्चना, तिचे प्रश्न वेगळे होते. आजार मुलीला होईल का, यांना कामावर पाठवायचं का, गाडीची किल्ली हातात द्यायची का. मी काहीच विचारलं नाही. आपण आजारी आहोत हेच मला मान्य नव्हतं. त्या खोलीत सगळ्यांत शहाणा माणूस मीच, आणि या डॉक्टरबाईंना वेळ असेल तर आपण चार गोष्टी शिकवू, अशी माझी तेव्हाची समजूत होती.

डॉक्टर मॅडम शांत होत्या. आजाराचं नाव त्यांनी बायपोलर सांगितलं. मन कधी महिनोन्‌महिने खाली बसतं, कधी भलतंच वर जातं, आणि दोन्ही वेळा माणसाला वाटतं की हेच खरं, असं काहीसं म्हणाल्या. औषध लिथियमचं, बहुतेक कायम घ्यावं लागेल. मग आईकडे वळून म्हणाल्या, "पथ्य असं काही नाही, आजी. जेवण नेहमीसारखं. मीठ-पाणी नेहमीसारखं. झोप वेळेवर. गोळी चुकवायची नाही आणि मी सांगेन तेव्हा रक्त तपासायचं."

बाहेर बाकड्यावर बसल्यावर आई अर्चनाला म्हणाली, "पथ्य न्हाई म्हंजे औषध कसलं? साधी कावीळ झाली तरी तेल-तूप बंद करत्यात. आन् ह्यो एवढा डोक्याचा आजार, ह्याला पथ्यच न्हाई?"

हसू नका. आपल्याकडे आजाराची वाटणी ठरलेली असते. गोळी डॉक्टरांची, पथ्य घरच्यांचं. पथ्यच नसलं तर घरच्यांना करायला काही उरत नाही, नुसतं बघत बसावं लागतं. आणि नुसतं बघत बसणं माझ्या आईला जन्मात जमलेलं नाही.

ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. चाकणच्या एका कंपनीत भट्टीवर काम करणारा माणूस आहे. होतो, म्हणा.

खाली आणि वर

आमचं गाव राजगुरुनगरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. मी आयटीआय करून चाकणला लागलो, लग्नानंतर चिंचवडला फ्लॅट घेतला, वडील गेल्यावर आईला इकडे आणलं. माझं काम हीट ट्रीटमेंटला. गिअर भट्टीत लाल होईस्तोवर तापवायचे, तेलात बुडवायचे, मग त्यांचा कडकपणा तपासायचा. उन्हाळ्यात त्या शॉपमध्ये शर्ट पिळून पुन्हा अंगात घालावा लागतो.

आधी खाली गेलो होतो. त्या काळाला घरात कुणी आजार म्हटलंच नाही. सुट्टी टाकून मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. दात घासणं हे काम वाटायचं. मरावंसं वाटायचं, पण त्यासाठीही उठावं लागलं असतं. मेहुणे म्हणाले, अंगात आळस भरलाय. आईनं गावाकडून अंगारा आणून कपाळाला लावला. मग हळूहळू ते आपोआप सरलं आणि सगळे विसरून गेले, मीसुद्धा.

वर गेलो तेव्हा मात्र सगळ्यांना बरंच वाटलं. कंपनीत नवीन लाइन सुरू होत होती, ओव्हरटाइम चालू होता, तिसरी, रात्रीची शिफ्ट करून मी घरी यायचो आणि झोपायचो नाही. झोप येत नाही याचा त्रास होत नाही, हीच खरी खूण होती. पण ती ओळखणार कोण? साहेब पाठ थोपटत होते. अर्चनाला वाटलं, चला, माणूस एकदाचा कामाला लागला. मी भट्टीची नवीन रचना काढत होतो, सोसायटीत भाषणं देत होतो, दूधवाल्याला धंदा कसा वाढवायचा ते समजावत होतो. तो बिचारा चरवी हातात धरून उभा राहायचा.

एका दुपारी मी सईला, माझ्या मुलीला, शाळेतून मधेच काढली. तेव्हा ती चौथीत होती. घरी पाहुणे आलेत असं बाईंना सांगितलं, तिला बाइकवर मागं बसवलं आणि नाशिक हायवेला लागलो. ट्रकची रांग चुकवायला गाडी उलट्या बाजूनं घातली. समोरचे ट्रक हॉर्न मारत बाजूला होत होते आणि मला वाटत होतं, हे मला सलाम करतायत. सई आधी हसत होती. मग माझ्या पाठीत मुठी मारायला लागली. मग तेही थांबलं. पेट्रोल संपून गाडी उभी राहिली तेव्हा तिचा युनिफॉर्म ओला झाला होता.

ती आता आठवीत आहे. माझ्या मागं ती परत कधी बसली नाही, आणि मीही गाडी सोडली आहे.

दुसऱ्या दिवशी मी प्लांट हेडच्या केबिनमध्ये शिरून त्यांच्या खुर्चीत बसलो आणि मीटिंग लावली. माझा जोडीदार शिंदे, भट्टीवर आम्ही दोघं कायम एकत्र, त्यानं मला गोड बोलून बाहेर काढलं. तो बीडकडचा. "चला विलासराव, खाली लोकं तुमची वाट बघू लागलीत," असं म्हणाला. ती लोकं म्हणजे अर्चना आणि तिचा भाऊ होते. तिथून आम्ही थेट डॉक्टर मॅडमकडे गेलो.

वॉर्ड

दवाखान्यात माझा पट्टा काढून घेतला, बुटाच्या नाड्या काढून घेतल्या. सकाळी चहा, मग गोळ्या. सिस्टर म्हणायच्या, "आ करा. जीभ वर. आता इकडे." चाळिशीच्या माणसाला कुणी तोंड उघडून दाखवायला सांगतं तेव्हा फार लहान झाल्यासारखं वाटतं. खिडकीला जाळी होती. लांबून लोणावळ्याकडे जाणारी गाडी ऐकू यायची, दिसायची नाही. शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ रोज विचारायचे, आज रविवार का? मी हो म्हणालो की ते खूश व्हायचे. म्हणून मी रोज हो म्हणायचो.

औषधानं मन खाली उतरलं तशी लाज वर आली. या आजाराचा हा दुष्टपणा कुणी सांगत नाही. वर असताना केलेलं सगळं नीट आठवतं. ट्रक आठवतात, हॉर्न आठवतात, पाठीवरच्या मुठी आठवतात. त्यापेक्षा काहीच न आठवणारं वेड परवडलं असतं.

तिथं वस्तरा देत नाहीत. एकदा अर्चना भेटीच्या वेळात सिस्टरची परवानगी काढून साबण आणि वस्तरा घेऊन आली. सिस्टर शेजारी उभ्या आणि अर्चना माझी दाढी करतेय. तिला येत नव्हतं, दोन ठिकाणी कापलं. गालावरचा फेस पुसताना तिनं माझी हनुवटी जरा जास्त वेळ धरून ठेवली. त्या पंधरवड्यात मला जगावंसं वाटलं ते तेवढ्या वेळापुरतं.

गावाकडे आईनं टायफॉइड झालाय म्हणून सांगितलं होतं. टायफॉइडला पथ्य असतं, त्यामुळे तिला ते खोटं बोलायला सोपं गेलं.

पांढरी विषं

लिथियमनं मी सावरलो, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणी गोळ्या टाकून देईल. कंपनीनं परत घेतलं. मॅडमच्या चिठ्ठीमुळे तिसरी शिफ्ट बंद झाली. रक्ताचे रिपोर्ट चांगले येत होते. वर्ष-दीड वर्ष घरात शांतता होती.

फक्त हात थरथरायचा. चहाचा कप बशीत वाजायचा. वजन वाढलं, सतत पाणी प्यावं लागायचं. भट्टीवर मायक्रोमीटर धरला की आकडा स्थिर दिसेना. शिंदे काही न बोलता तो माझ्या हातातून घ्यायचा आणि माप मोठ्यानं वाचायचा, जणू त्यालाच ते घ्यायचं होतं. त्याचा चांगुलपणाच मला टोचायचा. हे औषध कधीतरी सुटेल का, एवढाच विचार डोक्यात असायचा.

अशात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका निसर्गोपचारवाल्या काकांचं शिबिर झालं. नोकरीतून निवृत्त झालेला, काटक, स्वच्छ माणूस. फुकट सांगायचे, कुणाकडून पेला पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. मीठ, साखर आणि मैदा ही तीन पांढरी विषं, म्हणाले. पहाटे उठा, चाला, उन्हात बसा, संध्याकाळी चहा नको. मीठ सोडा, रक्त थंड होईल, रक्त थंड झालं की मन थंड. सगळ्यांनी माना डोलावल्या. शिबिर सुटल्यावर निम्मे लोक कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव खात उभे होते, ते सोडा.

आई मात्र तशीच काकांसमोर जाऊन बसली. आजार काय, गोळी कसली, तिनं काही लपवलं नाही. काका म्हणाले, "लिथियम? ते मोबाइलच्या बॅटरीत असतं ना? चालू राहू दे, आजी. शरीर शुद्ध झालं की गोळी आपोआप सुटेल." आईनं इतक्या दिवसांनी हवं ते ऐकलं होतं. तिला पथ्य सापडलं होतं.

घरी आल्यावर ती देव्हाऱ्यापुढं बसली आणि उजव्या हातावरून पाणी सोडलं. "इलास बरा व्हईस्तवर माझ्या जिभंला मीठ न्हाई." आमच्या आईचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. मी तिच्याकडे बघत होतो. सत्तरीची बाई माझ्यासाठी अळणी जेवणार आणि मी शेजारी बसून लोणचं खाणार? मी म्हणालो, मीपण.

अर्चनानं एक अट घातली. "अहो, बाकी काहीही करा. गोळी एक दिवसही चुकवायची नाही." आम्ही ती अट शब्दशः पाळली. आम्ही अडाणीपणा केला नाही, हे मला आजही सांगावंसं वाटतं. औषध टाकून बुवाकडे धावलो नाही. दोन्ही सांभाळलं, आणि मीठ कमी खाल्ल्यानं कधी कुणाचं वाईट झालंय? ब्लडप्रेशरवाल्यांना तर डॉक्टरच सांगतात. नको ते विचारून मॅडमचा वेळ कशाला घ्यायचा, असंही वाटलं.

दोन ताटं

सुरुवातीला भाकरी मातीसारखी लागली. उकडलेले मूग, अळणी दुधी, बिनमिठाचं ताक. मग जिभेला सवय झाली आणि भाकरीला भाकरीची चव यायला लागली. आमची दोघांची ताटं वेगळी असायची. आई आणि मी खिडकीशी पाट मांडून समोरासमोर बसायचो. "कसं लागतंय रं?" "बरं लागतंय." "व्हय, मला बी." कितीतरी वर्षांनी मी आणि आई मिळून काहीतरी करत होतो. मी आजारी पडल्यापासून ती माझ्याकडे घाबरून बघायची, ती भीती त्या जेवणांत गेली होती. खरं सांगायचं तर त्या आजारपणातले माझे सगळ्यांत सुखाचे दिवस तेच.

बरंही वाटत होतं. पहाटे उठून चालायचो, चहा कमी झाला, झोप छान लागायची. ते फायदे खरे होते, मी आजही ते सोडलेले नाहीत. पण श्रेय आम्ही मिठाला देत होतो.

ऊन तापलं. उन्हाळ्यात आमच्या शॉपमध्ये कंपनी लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचं पिंप ठेवते, कारण भट्टीपुढं घाम नुसता वाहतो. मी पिंपाला वळसा घालून साध्या पाण्याकडे जायचो. शिंदे म्हणाला, "आरं घे की घोटभर. चक्कर येऊन पडशील भट्टीत."

"पथ्य आहे," मी म्हणालो. हा शब्द मी असा म्हणालो की जणू छातीवर बिल्ला लावलाय.

मग हाताची थरथर वाढली. घास तोंडाशी नेताना सांडायला लागला. पोट बिघडलं, जुलाब, मळमळ. काकांना फोन केला. "उत्तम," ते म्हणाले, "विष बाहेर पडतंय. घाबरू नका." आईनं देवापुढं साखर ठेवली. मग जीभ जड झाली. बोलताना शब्दाचं शेवटचं अक्षर तोंडातच राहायचं. सई म्हणाली, "बाबा, तुम्ही असं का बोलताय?" आणि तिच्या डोळ्यांत मला तो हायवे दिसला. ती आत निघून गेली. मी ठरवलं, रविवारी मॅडमना विचारू. तोपर्यंत कामावर जात राहू, उगाच खाडा नको.

गेट

त्या सकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना मी पडलो. उठलो, आणि सरळ चालता येईना. पाय एकीकडे, मी एकीकडे. गेटवरच्या सिक्युरिटीनं हात धरला.

"काय राव, सकाळी सकाळीच?"

मी पीत नाही असं म्हणायचं होतं. तोंडातून जे निघालं ते ऐकून रांगेतली पोरं हसली. सिक्युरिटीनं यंत्र आणलं, त्यात फुंकायला लावलं. शून्य आलं. परत फुंकायला लावलं. परत शून्य. सुपरवायझर म्हणाला, मशीन बिघडलं असेल, घरी पाठवा, रिक्षात घालून द्या. त्याला वाटलं तो माझ्यावर उपकार करतोय. तसा तो करतही होता, रिपोर्ट न लिहिता सोडत होता.

शिंदे मधे आला. मी फक्त त्याचे बूट बघत होतो, वर बघवत नव्हतं.

"शून्य आलंय ना?" तो म्हणाला.

"हो, पण..."

"मंग पिलेला नाही. मंग ह्यो असा कामून चालू लागलाय? सांगा की. घरी नाही जायचा ह्यो. गाडी काढा दवाखान्याची."

कंपनीची अ‍ॅम्ब्युलन्स निघाली. मी घरी गेलो असतो तर आईनं अळणी पेज करून दिली असती, मी ती प्यालो असतो, वर गोळी घेतली असती आणि झोपलो असतो. पुढचं तुम्हीच समजा.

"बंदच केलंय"

इथून पुढचं मला आठवत नाही, अर्चनानं सांगितलेलं आहे. अंगाला झटके येत होते. मी तिला ओळखलं नाही. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात लिथियम फार वाढलेलं होतं. डॉक्टर मॅडम धावत आल्या आणि पहिल्यांदा विचारलं, गोळ्या जास्त घेतल्या का? म्हणजे जीव द्यायचा प्रयत्न केला का, असा तो प्रश्न होता. अर्चना म्हणाली, नाही, मी स्वतः मोजून देते.

"उलट्या, जुलाब? उन्हात काम? जेवणात काही बदल? मीठ वगैरे कमी केलंय का?"

आई अर्चनाच्या मागं उभी होती. ती पुढं आली. तिला वाटलं, अखेर डॉक्टरांनी विचारलं.

"कमी न्हाई," ती म्हणाली, "बंदच केलंय."

अर्चना सांगते, मॅडमनी आईला हाताला धरून बाकड्यावर बसवलं आणि सावकाश सांगितलं. लिथियम शरीराला मिठासारखंच वाटतं. मीठ मिळत असलं की किडनी दोन्ही बाहेर टाकत राहते. मीठ मिळेनासं झालं, वर घामात आणि जुलाबात होतं तेही गेलं, की किडनी जे हाती लागेल ते धरून ठेवते. तिनं लिथियम धरून ठेवलं. रोजची तीच गोळी रोज साठत गेली.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे म्याच?"

मॅडम म्हणाल्या, "नाही आजी, तुम्हाला माहीत नव्हतं." पण आईनं जो प्रश्न विचारला होता त्याचं हे उत्तर नव्हतं, आणि ते तिला कळलं.

माझं रक्त यंत्रातून गाळून घेतलं. आयसीयूबाहेर अर्चना, तिचा भाऊ, शिंदे आळीपाळीनं बसायचे. आई जिन्याच्या पायरीवर बसायची, खुर्चीवर बसेना. ते निसर्गोपचारवाले काकाही फळं घेऊन आले होते. पांढरेफटक पडले होते म्हणे. मला त्यांना शिव्या द्यायच्या होत्या, अजूनही कधी कधी द्याव्याशा वाटतात. पण "मीठ-पाणी नेहमीसारखं" हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. ते आम्ही धीर दिल्यासारखं ऐकलं. जे नेहमीसारखं करायचं ते कुणी औषध म्हणून ऐकत नाही.

उरलेलं

मी वाचलो, पण सगळा परत आलो नाही. जीभ अजून जड आहे; फोनवर लोक "काय?" म्हणतात. जिना उतरताना कठडा लागतो. भट्टी सुटली. आता मी स्टोअरमध्ये बसतो, हातमोजे आणि ड्रिल बिट देतो. लिथियम बंद करून मॅडमनी दुसरं औषध सुरू केलं. ते बसेपर्यंत मी परत एकदा खाली गेलो, त्याच भिंतीकडे तोंड करून. या वेळी फरक एवढाच की घरात त्याला कुणी आळस म्हटलं नाही.

मला कुणी विचारतं, आहारानं, नैसर्गिक उपायांनी काही होतं का? होतं. वेळेवर झोप, सकाळचं चालणं, वेळेवर जेवण, यावर माझं अर्धं घर उभं आहे. पण काही नवीन धरायचं असेल किंवा जुनं सोडायचं असेल, मग तो उपास असो, काढा असो, साधी अंगदुखीची गोळी असो नाहीतर चिमूटभर मीठ, जो माणूस तुमचं औषध लिहितो त्याला आधी विचारा. त्याचा वेळ जाऊ द्या. त्यासाठीच तो बसलाय.

आता आईचं सांगतो.

मी घरी आल्यावर अर्चनानं पहिल्याच दिवशी आमटीत नेहमीसारखं मीठ घातलं आणि मला वाढली. आईनं स्वतःचं ताट बाजूला घेतलं. अळणी भाकरी, अळणी भाजी.

"आई, आता पुरे," अर्चना म्हणाली.

"बोललीय देवाला. इलास बरा झाला की खाईन."

आम्ही समजावलं, चिडलो, मॅडमनीही फोनवर सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि अळणी जेवायची. ते आता पथ्य राहिलं नव्हतं, ती शिक्षा भोगत होती. माझ्याशी फारसं बोलायची नाही. फक्त तपासणीहून आलो की दारातच विचारायची, "काय म्हनल्या? बरा झालास?" मी म्हणायचो, कंट्रोलमध्ये आहे. ती मान हलवून आत जायची. "कंट्रोल" म्हणजे "बरा" नाही, एवढं इंग्रजी तिला येत होतं.

ती वाळत गेली. उठताना भिंत धरायला लागली. एका सकाळी मोरीपाशी चक्कर येऊन पडली, कपाळ फुटलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. अंगातलं मीठ फार उतरलं होतं. सलाइन लावलं. घरी आणली आणि दुपारी ती पुन्हा अळणी ताट घेऊन बसली, कपाळाला पट्टी बांधून.

मी तिच्या समोर जाऊन बसलो, खिडकीशी, जुन्या जागी. खोटं बोलणं सोपं होतं. झालो बरा, म्हणायचं, ती जेवली असती. पण पुढच्या वेळी मी वर किंवा खाली गेलो की तिनं तेही स्वतःच्याच माथी घेतलं असतं. मी खाऊन नवस मोडला, असंच म्हणाली असती.

"आई, मी बरा होणार नाही," मी म्हणालो. जिभेमुळे ते वाक्य मला दोनदा म्हणावं लागलं.

तिनं घास खाली ठेवला. "कवाच न्हाई?"

"कधीच नाही. औषध जन्मभर. मधून मधून असं होणार. तुझ्यामुळं नाही. तुझ्या पथ्याच्या आधीपासून ते माझ्यात आहे."

मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि अगदी हळू, भीत भीत, ज्या प्रश्नानं हे सगळं सुरू झालं तोच विचारला.

"मंग पथ्य काय?"

आईनं विचारलं आणि मला रडू फुटलं. तिला अजूनही माझ्यासाठी काहीतरी करायचं होतं.

"नेहमीसारखं मीठ खायचं," मी म्हणालो. "रोज. हेच पथ्य आहे. आणि मला एकट्याला ते पाळता येत नाही, आई."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी हे तिला जेवायला घालण्यासाठी बोलतोय की खरं आहे, ते ती तपासत होती. दोन्ही खरं होतं. मग तिनं आपलं ताट सरकवलं. अर्चनानं माझ्या आमटीच्या पातेल्यातली आमटी तिला वाढली. आईनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, देव्हाऱ्याकडे एकदा बघितलं आणि तोंडात घातला. तिचा चेहरा आक्रसला.

"लई खारट झालीया गं," ती अर्चनाला म्हणाली.

मी चाखून बघितली. आमटी नेहमीसारखीच होती.